पॉडकास्टचा धडा करताना: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

गेल्या अंकात मूडलवर (अभ्यासक्रम ऑनलाइन चालवण्याच्या मोफत सॉफ्टवेअरवर) ध्वनिफिती कशा चढवायच्या, यावर एक छोटी चौकट दिली होती. त्यावर शिक्षकांची बरीच पत्रं आली. सारख्या शंका एकत्र करून इथे उत्तरं देत आहोत.

मी अकरावीला भूगोल शिकवते. चाळीस-चाळीस मिनिटांचे बारा भाग रेकॉर्ड करून मूडलवर ठेवले. मुलं पहिली पाच मिनिटं ऐकतात आणि सोडून देतात. मधेमधे प्रश्न येतील असं काही करता येईल का?
*– शिक्षिका, कनिष्ठ महाविद्यालय, लातूर जिल्हा*

करता येईल, पण आधी भाग तोडावे लागतील. चाळीस मिनिटं हा वर्गातल्या तासाचा हिशेब आहे. तिथे समोर फळा असतो, मुलांचे चेहरे असतात. नुसत्या आवाजासाठी सहा ते आठ मिनिटं पुरेशी आहेत. घड्याळ बघून मात्र कापू नका. एका भागात एकच 'का?' राहील अशा बेतानं कापा. 'पर्जन्यछायेचा प्रदेश' हा एक भाग झाला. 'मान्सूनचं आगमन' दुसरा.

मधे थांबून प्रश्न विचारण्यासाठी मूडलमध्ये एचफाइव्हपी हे साधन आहे. आवृत्ती ३.९ पासून ते आतच मिळतं, वेगळं प्लगइन लागत नाही. अडचण अशी की त्यातला 'ऑडिओ' हा प्रकार फक्त फाइल वाजवतो, मधे प्रश्न घेत नाही. प्रश्न घेणारा प्रकार म्हणजे 'इंटरॅक्टिव्ह व्हिडिओ'. म्हणून आवाजाखाली एक स्थिर चित्र ठेवून त्याचा एमपीफोर व्हिडिओ करायचा. सह्याद्रीचा आडवा छेद दाखवणारी साधी आकृतीही चालेल. ओपनशॉट या मोफत संपादकात चित्र आणि ध्वनी एकाखाली एक ठेवून हे जमतं. चित्राची लांबी-रुंदी सम संख्येत ठेवा, १२८० बाय ७२० उत्तम. विषम आकड्यांवर व्हिडिओ तयार होताना अनेकदा चूक येते. तयार फाइल एकदा हँडब्रेक या मोफत रूपांतरकातून 'वेब ऑप्टिमाइज्ड' ही खूण करून काढा. ही खूण करायची राहून गेली तर फाइलची अनुक्रमणिका शेवटी पडते. मग कमी वेगाच्या इंटरनेटवर पूर्ण फाइल उतरेपर्यंत मुलांना गोल फिरणारं चक्र दिसत राहतं, आणि मूडल बिघडलं असं त्यांना वाटतं.

आता अभ्यासक्रमाच्या 'कंटेंट बँके'त जाऊन 'इंटरॅक्टिव्ह व्हिडिओ' निवडा. तो यादीत नसेल तर प्रशासकाला सांगा. एचफाइव्हपीचे प्रकार उतरवून घेणारं एक ठरावीक काम मूडलमध्ये असतं, ते चालवलेलं नसतं. फाइल चढवली की खालच्या काळपट्टीवर हव्या त्या सेकंदाला प्रश्न बसवता येतो.

प्रश्न कुठे बसवायचा, यात धड्याचा सगळा जीव आहे. बहुतेक शिक्षक स्पष्टीकरण संपल्यावर प्रश्न टाकतात. मग तो आठवणीचा प्रश्न होतो. स्पष्टीकरणाच्या आधी टाकून बघा. आवाजात एवढंच सांगा, की महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि घाट उतरून गेलं की वाईला त्याचा पाचवा हिस्साही पडत नाही. तिथे थांबा. प्रश्न: डोंगर ओलांडून खाली उतरणारी हवा तापते, थंड होते की तशीच राहते? मूल काहीतरी ठरवतं, बटण दाबतं, आणि मग पुढचं स्पष्टीकरण आपलं उत्तर तपासण्यासाठी ऐकतं. आठ मिनिटांत असे दोन, फार तर तीन थांबे. पाचवा-सहावा थांबा आला की ऐकण्याची लय तुटते.

काही बारकावे. थांब्याच्या जागी आवाजात दीड-दोन सेकंदांची शांतता सोडा, नाहीतर शेवटचं अक्षर प्रश्नाच्या चौकटीखाली कापलं जातं. प्रश्नाच्या रचनेत 'पॉज व्हिडिओ' ही खूण करायला विसरू नका, नाहीतर प्रश्न येतो आणि आवाज पुढे पळत राहतो. प्रश्न 'पोस्टर' म्हणून ठेवला तर आपोआप दिसतो, पण मोबाइलच्या छोट्या पडद्यावर दाटी होते. 'बटण' ठेवलं तर टिचकी मारावी लागते, पण प्रश्न मोठ्या चौकटीत उघडतो. मुलं मोबाइलवरच ऐकत असतील तर बटण बरं. चुकीच्या उत्तरासाठी 'अ‍ॅडॅप्टिव्हिटी' हा विभाग आहे. त्यात 'चुकलं तर अमुक सेकंदावर जा' असं लिहिता येतं. तिथे 'चूक' एवढाच शब्द लिहू नका. 'हवा खाली येताना दाबली जाते, त्याचा परिणाम पुन्हा ऐका' असं लिहा आणि त्या वाक्यावर परत न्या.

आणि एक महत्त्वाचं. बसमध्ये, भाकरी करताना, खिशात फोन ठेवून ऐकता येतं, म्हणून पॉडकास्ट आवडतो. इंटरॅक्टिव्ह व्हिडिओ मोबाइलच्या ब्राउझरमध्ये चालतो आणि पडदा बंद झाला की साधारणपणे थांबतो. म्हणून प्रत्येक भागाची साधी एमपीथ्री फाइलही शेजारीच ठेवा. तीत तोच प्रश्न तोंडी विचारून आठ-दहा सेकंद गप्प राहा. पहिली फेरी कानानं, दुसरी फेरी बोटानं. दुसरी फेरी दोन दिवसांनी ठेवली तर उजळणीही होते.

मुलं काळपट्टी ओढून शेवटाला जातात आणि 'पूर्ण' अशी खूण मिळवतात. काही जणांचे गुण मात्र सगळं सोडवूनही नोंदले जात नाहीत. दोन्हींवर उपाय काय?
*– प्राध्यापक, नाशिक*

दोन्हींची मुळं वेगवेगळी आहेत. पहिल्यात 'अ‍ॅक्टिव्हिटी कम्प्लिशन'ची अट 'पाहिलं की पूर्ण' अशी असते. पान उघडलं, एवढंच ती मोजते. अट 'गुण मिळाले की पूर्ण' अशी करा आणि उत्तीर्ण होण्याची मर्यादा लावा. पुढचा भाग या भागाच्या पूर्ततेवर अवलंबून ठेवता येतो, 'रिस्ट्रिक्ट अ‍ॅक्सेस'मध्ये.

पुढे उडी मारायला बंदी घालण्याची सोय एचफाइव्हपीत आहे. ती वापरू नये असं आमचं स्पष्ट मत आहे. जे मूल दुसऱ्यांदा ऐकतंय, ज्याचं नेट मधेच तुटलं, ज्याला फक्त तिसऱ्या मिनिटातली व्याख्या पुन्हा हवी आहे, त्या सगळ्यांना ती बंदी छळते. ज्याला ऐकायचंच नाही, तो फोन बाजूला ठेवून व्हिडिओ वाजत ठेवतो. शेवटचा प्रश्न असा असावा की मधलं ऐकल्याशिवाय उत्तर येणार नाही. बंदीपेक्षा त्याचा उपयोग जास्त.

दुसऱ्या तक्रारीचं कारण बहुतेक वेळा एकच असतं. इंटरॅक्टिव्ह व्हिडिओच्या शेवटी 'उत्तरं सादर करा' असा पडदा येतो. तिथलं बटण दाबल्याशिवाय प्रयत्न मूडलपर्यंत पोचत नाही. निरोपाचं संगीत सुरू झालं की मुलं खिडकी बंद करतात, आणि सगळं वाया जातं. हा सादर करण्याचा पडदा काळपट्टीवर मागे ओढता येतो. तो निरोपाच्या आधी, बोलणं संपताक्षणी आणा, आणि आवाजातच सांगा: 'आता सादर करा हे बटण दाबा.'

गाळलेल्या जागा भरायला दिल्या तर बरोबर उत्तरही यंत्र चूक ठरवतं. विद्यार्थी माझ्याकडे पडद्याची चित्रं पाठवतात, उत्तर अक्षरशः तेच असतं!
*– माध्यमिक शिक्षक, सांगली जिल्हा*

दिसायला तेच असतं, आत वेगळं असतं. 'वाऱ्याची' हा शब्द दोन प्रकारे टंकता येतो. एका कळफलकावर रफाराच्या चंद्रासाठी नुक्ता असलेला 'ऱ' वापरला जातो, दुसऱ्यावर साधा 'र', हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही हुबेहूब, पण संगणकाला ते दोन निराळे शब्द. आकड्यांचंही तसंच. तुम्ही उत्तर '१९६०' असं देवनागरीत ठेवलं आणि मुलानं इंग्रजी अंकांत लिहिलं, की चूक.

एचफाइव्हपीच्या गाळलेल्या जागांत दोन तारकांच्या मधे उत्तर लिहितात. तिथे तिरपी रेघ देऊन पर्याय देता येतात. दोन्ही प्रकारे टंकलेला शब्द, दोन्ही लिप्यांतला आकडा, आणि 'पर्जन्यछाया'सोबत 'पर्जन्यछायेचा' अशी विभक्तीची रूपंही त्यात घाला. शुद्धलेखनाच्या किरकोळ चुका चालवून घेण्याची सोयही सेटिंगमध्ये आहे, पण ऱ्हस्व-दीर्घच शिकवत असाल तर ती बंद ठेवा. भूगोल-विज्ञानासाठी गाळलेल्या जागांपेक्षा पर्याय निवडायचे प्रश्न ठेवावेत. मोबाइलवर मराठी टंकण्यात मुलाचं लक्ष आवाजावरून उडतं.

फाइल चढतच नाही. चढली तर काही आयफोनवर वाजत नाही. काहींना मधून ऐकायला गेलं की पुन्हा सुरुवातीपासून लागतं. आम्ही बोलणं व्हॉट्सअ‍ॅपवर रेकॉर्ड करून तीच फाइल वापरतो.
*– संगणक शिक्षक, रत्नागिरी जिल्हा*

शेवटापासून सुरुवात करू. व्हॉट्सअ‍ॅपचा आवाजी निरोप ऑग नावाच्या फाइल-डब्यातला, ओपस प्रकारचा असतो आणि तो भरपूर दाबलेला असतो. अँड्रॉइडवर वाजतो, जुन्या आयफोनच्या सफारीत वाजत नाही. फोनमधल्या रेकॉर्डरनं रेकॉर्ड करा आणि ऑडासिटी या मोफत ध्वनिसंपादकातून एमपीथ्री काढा: मोनो, ४४१०० हर्ट्झ, बिटरेट (दर सेकंदाचा डेटा) ६४ केबीपीएस आणि 'कॉन्स्टंट', म्हणजे सगळीकडे सारखा. बोलण्याला एवढं पुरतं. मिनिटाला सुमारे ०.४८ एमबी, म्हणजे आठ मिनिटांचा भाग चार एमबीच्या आत. तेच न दाबलेल्या डब्ल्यूएव्ही मोनोमध्ये मिनिटाला पाच एमबीहून जास्त होतं. खेड्यातल्या मुलाचा डेटा त्यात उगाच खर्च होईल.

'कॉन्स्टंट' का? 'व्हेरिएबल' बिटरेटच्या फाइलमध्ये कुठलं सेकंद नेमकं कुठल्या जागी आहे, याचा काही प्लेयर अंदाज बांधतात. तो चुकला की तुमचा '३:४० वर ऐका' हा दुवा ३:५२ ला जाऊन पडतो.

चढत नाही त्याचं कारण मर्यादांची उतरंड. पीएचपीची (मूडल ज्या भाषेत लिहिलंय तिची) मूळची मर्यादा एका फाइलला २ एमबी आणि एका विनंतीला ८ एमबी असते. वर एनजिनएक्स हा वेब-सर्व्हर असेल तर त्याची मूळची मर्यादा १ एमबी. तिथे अडलं तर ४१३ क्रमांकाची चूक दिसते. त्यावर मूडलची संकेतस्थळाची मर्यादा, अभ्यासक्रमाची मर्यादा, आणि त्या त्या कृतीची मर्यादा. यातली सगळ्यात छोटी चालते. प्रशासकाला नुसतं 'मर्यादा वाढवा' सांगू नका. ही पाचही ठिकाणं बघायला सांगा.

पुन्हा सुरुवातीला जाण्याचं कारण सर्व्हरमध्ये असतं. प्लेयर 'फाइलचा मधलाच तुकडा दे' असं मागतो. सर्व्हरनं २०६ हा संकेत देऊन तुकडा द्यायला हवा. तो २०० देऊन पूर्ण फाइल पाठवत असेल तर उडी मारता येत नाही, आणि सफारी कित्येकदा वाजवायलाच नकार देते. ब्राउझरच्या 'नेटवर्क' पट्टीत हा आकडा दिसतो. मूडलच्या आत ठेवलेल्या फाइलला सहसा ही अडचण येत नाही. दुसऱ्या ठिकाणी ठेवून दुवा दिलेल्या फाइलला येते.

गावात पंखा, रस्त्यावरचे ट्रॅक्टर, शेजारचा भोंगा. स्टुडिओ नाही. बरा आवाज कसा मिळवायचा?
*– अंगणवाडी प्रशिक्षक, यवतमाळ जिल्हा*

आवाज नंतर स्वच्छ करण्यापेक्षा आधी घाण होऊ न देणं स्वस्त पडतं. फोन तोंडापासून १५ ते २० सेंटिमीटरवर, थोडा बाजूला ठेवा. अगदी समोर ठेवला तर 'प', 'फ', 'भ' यांचे फटकारे बसतात, आणि मराठीत ही अक्षरं पावलोपावली येतात. पाठीमागे आणि टेबलावर गोधड्या टाका. रिकाम्या भिंतींचा घुमारा कुठल्याच सॉफ्टवेअरनं नीट जात नाही. पंखा बंद, फोन विमान अवस्थेत. सुरुवातीला पाच सेकंद काहीच न बोलता रेकॉर्ड होऊ द्या.

ऑडासिटीत ती पाच सेकंद निवडून 'नॉइज रिडक्शन'ला नमुना म्हणून द्या, मग पूर्ण फाइलवर ६ ते १२ डेसिबलपर्यंत लावा. त्याहून जास्त केलं तर आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो. नंतर ८० हर्ट्झचा 'हाय-पास फिल्टर' (खालची घरघर काढणारा), कापाकापी, हलका 'कम्प्रेसर' (लहान-मोठा आवाज जवळ आणणारा), आणि शेवटी 'लाउडनेस नॉर्मलायझेशन' (आवाजाची पातळी सारखी करणं). मोनो फाइलला उणे १९ एलयूएफएस (ऐकू येणाऱ्या मोठेपणाचं एकक) ठेवा. तिथे 'मोनोला दुहेरी मोनो माना' अशी खूण केलेली असेल तर उणे १६ लिहायचं, ऐकू तेवढंच येतं. सगळ्या भागांना एकच आकडा लावला नाही तर एका भागात आवाज वाढवलेला मूल पुढच्या भागात दचकतं.

ट्रॅक्टर आला तर थांबा आणि पूर्ण वाक्य पुन्हा बोला. अर्धं वाक्य जोडलं की जोड ऐकू येतो.

दुसऱ्यांच्या पॉडकास्टमधला तुकडा धड्यात घेता येतो का? आणि मागे गाण्याची धून?
*– वाचक, पणजी*

मूळ भागाचा दुवा द्या आणि 'अमुक मिनिटापासून ऐका' असं लिहा. फाइल उतरवून आपल्या मंचावर चढवायची असेल तर लेखी परवानगी घ्या, किंवा क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याचं (निर्मात्यानं आधीच वापराची मुभा दिलेलं) साहित्य निवडा. त्यातही बदल करायला मनाई असलेला परवाना असेल तर त्यात फेरफार करून देता येणार नाही. चित्रपटगीताची धून नको. ती हक्काच्या दृष्टीनं नको आणि ऐकण्याच्याही. बोलण्याखाली सतत संगीत असलं की कमी ऐकू येणाऱ्यांना शब्द सुटतात.

माझ्या वर्गात एक कर्णबधिर विद्यार्थिनी आहे. मराठी संहिता आपोआप तयार होते का?
*– शिक्षिका, पुणे*

कच्चा खर्डा होतो. ओपनएआयचं व्हिस्पर हे खुलं साधन मराठी ओळखतं. त्याचं मोठं मॉडेल छोट्यांपेक्षा कितीतरी बरं आहे, पण त्याला सुमारे १० जीबी स्मृतीचं ग्राफिक कार्ड लागतं. गावांची नावं, आडनावं, शास्त्रीय संज्ञा यांत ते चुकतं. शिवाय लांब शांततेत ते न बोललेली वाक्यं घालतं किंवा एकच वाक्य पुन्हापुन्हा लिहितं. तुम्ही उत्तरासाठी सोडलेल्या आठ सेकंदांच्या जागा म्हणूनच सगळ्यात आधी तपासा.

मथळ्यांची (व्हिडिओखाली बोलणं दाखवणाऱ्या ओळींची) फाइल वेबव्हीटीटी प्रकारची हवी, ती इंटरॅक्टिव्ह व्हिडिओत जोडता येते. तीन चुका नेहमी होतात. यूटीएफ-८ मध्ये जतन न केल्यानं देवनागरीच्या जागी चौकोन येतात. सेकंदांनंतर टिंबाऐवजी स्वल्पविराम राहतो, कारण एसआरटी या मथळ्यांच्या दुसऱ्या प्रकारात स्वल्पविराम चालतो. आणि काही जण वेळेचे आकडे देवनागरीत लिहितात. ते इंग्रजी अंकांतच लागतात.

पण मथळे पुरेसे नाहीत. पूर्ण संहिता वेगळ्या पानावर, परिच्छेद पाडून, बोलणाऱ्याच्या नावासह ठेवा, आणि प्रश्न त्या पानावरूनही सोडवता येतील अशी सोय करा. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ नुसार शिक्षणात समान संधी हा तिचा हक्क आहे. ती संहिता नेट कमकुवत असलेल्या मुलांनाही लागते आणि परीक्षेच्या आदल्या रात्री सगळ्यांनाच लागते. खरं तर आधी लिहून मग बोलावं. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात संहिता आधी लिहिली जाते आणि तिच्यावरून इतर भारतीय भाषांत आवाज दिला जातो. लिहिलेली संहिता असेल तर व्हिस्परची गरज फक्त वेळा जुळवण्यापुरती उरते.

अमेरिकेतल्या मराठी शाळेत शनिवारी शिकवते. मुलं ऐकतात, पण बोलत नाहीत. ऐकून लगेच बोलून पाठवतील असं काही?
*– स्वयंसेवी शिक्षिका, न्यू जर्सी*

मूडलच्या लेखन चौकटीतच ध्वनिमुद्रणाचं बटण आहे. 'असाइनमेंट' तयार करा, 'ऑनलाइन टेक्स्ट' चालू ठेवा. मूल माइकच्या चित्रावर दाबून बोलतं आणि जोडतं. मूळची मर्यादा दोन मिनिटांची असते, मुलांना तेवढी पुष्कळ. संकेतस्थळ एचटीटीपीएसवर नसेल तर ब्राउझर माइक देतच नाही. बटण दिसतं आणि काही होत नाही, अशी तक्रार आली की आधी पत्त्याची सुरुवात बघा.

धडा दोन मिनिटांचाच करा. तीन शब्दजोड्या: काल-काळ, वेल-वेळ, चार-चारा. शेवटच्या जोडीत दोन्हीकडे 'चा' आहे, पण 'चार' आकड्यातला तालव्य (जीभ टाळूला लागून होणारा) आणि गुरांच्या 'चाऱ्या'तला दंततालव्य (दातांजवळून, 'त्स'सारखा). लिहिताना फरक दिसत नाही, म्हणून तो फक्त कानानं शिकता येतो, आणि तिथे पॉडकास्टला पुस्तकापेक्षा जास्त बळ आहे. प्रत्येक शब्द दोनदा, मधे तीन सेकंद. आधी पर्यायाचा प्रश्न: 'कोणता ऐकला?' तो बरोबर आला की मगच बोलून पाठवायचा दुवा उघडेल अशी अट लावा. ज्याला फरक ऐकूच आला नाही, त्याच्याकडून उच्चार घोटून घेण्यात मुलाचा हिरमोड होतो.

उत्तर देताना तुम्हीही आवाजातच द्या, वीस सेकंदांचं: मुलाचा शब्द आणि मग तुमचा. मुलांचे आवाज अभ्यासक्रमाच्या आतच राहू द्या, सार्वजनिक भागात घालायचे असतील तर पालकांची लेखी संमती घ्या. आणि वर्ष संपलं की त्या फाइल पुसून टाका, तसं पालकांना सुरुवातीलाच कळवा.